सुईवाला आणि तांबडी

अंगणात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. लोक कुंपणाच्या भिंतीवर बसले होते, दुधाचे रिकामे कॅन उलटे घालून त्यांवर उभे होते. एक जाडजूड गृहस्थ खाद्याच्या पोत्यांच्या थप्पीवर चढून बसला होता. त्याच्या वजनाने खालचं पोतं फुटून ढेप भसाभसा बाहेर पडत होती, पण त्याला त्याचा पत्ता नव्हता. सगळ्यांचे डोळे एका सुईवर खिळले होते.

साधी सुई. पोती शिवायला वापरतात तसली. मधोमध काळा दोरा बांधून ती आडवी टांगलेली, आणि दोऱ्याचं दुसरं टोक सुईवाल्याच्या दोन बोटांत.

"मी बोलत नाही, मी करत नाही, मी कुणीच नाही!" सुईवाला ओरडत होता. "मी नुसता दोरा धरतो. दोरा मोठा की सुई?"

"सुई!" लोक म्हणाले.

"सुई मोठी की तिला फिरवणारा?"

"फिरवणारा!" लोक आणखी जोरात म्हणाले. फिरवणारा कोण, हे कुणीच विचारलं नाही.

पांढरे स्वच्छ कपडे, चिरका आवाज, आणि डाव्या गुडघ्याला जाड पट्टा. गुडघा दुखतो म्हणून तो थोडा लंगडत चालायचा. जगाची दुखणी ओढून घेतल्यामुळे आपला गुडघा गेला, असं तो सांगायचा. बाया हळहळायच्या.

तो गोठ्यात शिरला. दावणीला गायी ओळीने बांधलेल्या होत्या. पहिल्या गाईच्या डाव्या कुशीजवळ, पुढच्या पायाच्या कोपरामागे त्याने सुई धरली. सुई शांत. दुसरी, तिसरी, चौथी. शांत. शेवटी तांबडी. तिच्या बरगड्यांजवळ सुई नेली मात्र, कुणीतरी टोक धरून ओढावं तशी सुई गर्रकन वळली आणि गाईच्या अंगाकडे रोखून थरथरत राहिली.

गर्दीतून एकदम "अगं बाई!" उमटलं.

घर दोन भावांचं. त्यातला दुधाची गाडी चालवणारा धाकटा भाऊ सहजासहजी विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला, "परत त्या दुसरीजवळ न्या बरं." सुईवाल्याने नेली. शांत. "आता परत तांबडीजवळ." गर्रकन. "द्या इकडे, मी धरतो." सुईवाल्याने हसत हसत दोरा त्याच्या हातात दिला. त्याच्या हातातही ती तशीच फिरली. त्याने दोरा परत केला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"पोटात लोखंड आहे," सुईवाला म्हणाला. "आपलं आपण गेलेलं नाही. घातलंय कुणीतरी. करणीचं लोखंड!"

दाराशी उभ्या असलेल्या थोरल्या जावेने हातातली बादली खाली ठेवली.

तांबडी खरोखरच आजारी होती. चारा टाकला तर हुंगून तोंड फिरवायची. पाठीची कमान करून, पुढची कोपरं अंगापासून लांब फाकवून तासन्तास उभी राहायची. बसताना कण्हायची. दूध निम्म्यावर आलं होतं. आजूबाजूच्या तीनचार गोठ्यांतही असंच चाललं होतं. आधी एक टॉनिकवाला मोटारसायकलवरून येऊन गेला होता. मोफत खनिज गोळी, चाखून बघा, असं म्हणत त्याने घरोघरी फक्त आजारी जनावरांच्या घशात नळीने एकेक पांढरी, बोटभर लांब गोळी सरकवली होती. "धडधाकट गाईला कशाला? ती काय मागतेय का?" तो म्हणाला होता. लोकांना त्याचा प्रामाणिकपणा आवडला. त्यानेच सुईवाल्याचं नाव सांगितलं.

आता करणी कुणाची, हे बघायचं होतं. सुईवाल्याने लाकडी स्टूल मागवलं, त्यावर एक छोटी दांडी उभी केली, तिला सुई टांगली आणि स्वतः स्टुलाला गुडघा लावून बसला. गाईला चारापाणी करणाऱ्या प्रत्येकाने समोर बसून सुईपाशी हात धरायचा. थोरलीचा नवरा बसला. सुई शांत. धाकटा भाऊ बसला. शांत. थोरली बसली तेव्हा तिच्या कपाळावर घाम फुटला होता. सुई शांत.

मग धाकटी जाऊ आली. पदराला हात पुसत, थोडी हसतच. तिला वाटत होतं, चला, एकदाचं संपेल आणि तांबडीला बरं वाटेल.

"जरा सरकून बसतो हं, गुडघा धरलाय," सुईवाला म्हणाला.

धाकटीने हात पुढे केला. सुई गर्रकन तिच्याकडे वळली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग धाकटी म्हणाली, "मी? अहो, हिची आई वेतात गेली तेव्हा मी हिला बाटलीने दूध पाजून जगवलंय."

"वाढवणाऱ्या हातालाच घास भरवता येतो," सुईवाला म्हणाला. "मग तो चाऱ्याचा असो की करणीचा."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात करत होता. तिने थोरलीकडे पाहिलं. "ताई, तुम्ही तरी सांगा ना."

थोरलीने खाली ठेवलेली बादली उचलली आणि ती आत निघून गेली.

सुईवाल्याने पथ्य सांगितलं. करणीचं लोखंड आत आहे, तेव्हा बाहेरचं लोखंड गाईला लावायचं नाही. ना इंजेक्शन, ना सलाईन. चंद्र पुन्हा गोल होईपर्यंत डॉक्टरची सावलीसुद्धा नको. पैसा मी घेत नाही, असं तो तीनदा म्हणाला. पैसा त्याच्या नावाने टॉनिकवाला घ्यायचा.

संध्याकाळी धाकटी नेहमीप्रमाणे बादली घेऊन गोठ्याकडे निघाली. थोरली आडवी आली आणि तिने बादलीची कडी धरली. धाकटीने सोडली नाही. दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, पाणी दोघींच्या पायांवर सांडलं. मग थोरलीने हिसका दिला आणि बादली तिच्या हातात आली.

"राहू दे," ती म्हणाली. "तू नको जाऊस तिच्याजवळ."

सकाळी धाकटीचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. तिचा नवरा दुधाची गाडी घेऊन वेळेवर निघून गेला होता.

थोरलीने तांबडीचं सगळं स्वतः करायला घेतलं. हिरवा घास निवडून पुढे टाकला, पाठ खाजवली, लाडाने हाका मारल्या. तांबडी दाराकडे बघत राहायची. तिच्या गळ्याखालची कातडीची पोळी सुजून पखालीसारखी लोंबायला लागली. मानेची शीर दोरखंडासारखी फुगली. पथ्य चालूच होतं. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याची गाय मात्र सुधारली, रवंथ करू लागली, आणि तो येता-जाता सांगायचा, "आमची बघा कशी टणटणीत! तुमच्यावरची करणी जबर असणार."

ज्या दिवशी तांबडीला उठता येईना, त्या दिवशी थोरलीने नवऱ्याला न विचारता डॉक्टरला फोन केला. नवरा म्हणाला, "अगं, पथ्य मोडतंय!" ती म्हणाली, "मोडू दे. गाय मोडतेय ते दिसत नाही का?"

जनावरांची डॉक्टर तरुण होती, मोजकं बोलणारी. तिने गाईच्या छातीला नळी लावली आणि जागा बदलून बदलून ऐकलं. मग नळी काढून थोरलीच्या कानाला लावली. "ऐका."

थोरलीने ऐकलं. आत कुणीतरी बादलीत कपडे खळबळावेत तसा आवाज येत होता.

"हे हृदय आहे," डॉक्टर म्हणाली. "भोवती पाणी आणि पू साचलाय. सुरुवातीला बोलावलं असतंत तर पोट उघडून काही करता आलं असतं. आता नाही, काकू. माझ्याकडे खोटा धीर नाही."

डॉक्टरने वेदना कमी होण्याचं इंजेक्शन दिलं. तांबडीचा श्वास जरा सैल झाला. दुपार कलायच्या आत ती गेली. तिचं डोकं थोरलीच्या मांडीवर होतं, पण कान दाराकडे होते.

गाय कशाने गेली हे पाहायचं, असं थोरलीनेच ठरवलं. शेताच्या कडेला डॉक्टरने हातमोजे चढवले आणि काम केलं. थोरली शेजारी उभी राहिली. नवरा आणि दीर जरा लांब थांबले. डॉक्टरने मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दिसणारं जाळीदार पोट उघडलं, आत हात घातला आणि काहीतरी बाहेर काढून पाण्याने धुतलं. बोटभर लांब काळसर कांडी होती. तिच्या अंगावर बारीक तारांचे तुकडे साळिंदराच्या काट्यांसारखे उभे चिकटले होते.

"गोळी दिली होती का हिला कुणी? पांढरी?"

"टॉनिकवाल्याने."

"खनिजाचा नुसता लेप. आत लोहचुंबक. वाईट नाही बरं का, मीही देते. गायी चारा चावत बसत नाहीत, भराभर गिळतात. तार, खिळा, जे येईल ते गिळतात आणि ते या पोटात येऊन पडतं. चुंबक ते धरून ठेवतं, पुढे टोचू देत नाही. ट्रॅक्टरवाल्याची गाय म्हणूनच बरी झाली असणार. फरक एवढाच, मी त्याला चुंबक म्हणते आणि ते गाईच्या मालकाला आधी दाखवते."

"मग आमची का गेली?"

डॉक्टरने हृदयाकडे बोट केलं. जाळीदार पोट आणि हृदय यांच्यामध्ये पातळ पडदाच असतो. त्या पडद्यातून आरपार गेलेला तारेचा एक तुकडा तिथे होता. "ही आधीच निसटली होती. गोळी पोटात पडली तोवर ही तार पुढे गेली होती. तेव्हा मला बोलवायला हवं होतं."

दीर पुढे आला. "म्हणजे सुई फिरत होती ती..."

"आत चुंबक बसलंय म्हटल्यावर बाहेरची सुई फिरणारच. सुईही चुंबकावर घासलेली असणार. ज्यांना गोळी दिली त्या गायींजवळ फिरली, बाकीच्यांजवळ नाही. तो आजार ओळखत नव्हता. आपली गोळी ओळखत होता."

डॉक्टरने तारेचा तुकडा चिमटीत धरून उन्हात फिरवला. बारीक, कडक, पितळेची झाक असलेली तार. "ही कुंपणाची नाही. टायरची आहे. तुमच्याकडे मुरघासाचा खड्डा आहे ना?"

हिरवा चारा मुरवायच्या त्या खड्ड्यावर प्लास्टिकचा कागद होता आणि वारा लागून तो उडू नये म्हणून जुनी टायरं. थोरलीच्या नवऱ्यानेच गॅरेजमधून फुकट आणली होती आणि महिनाभर त्याची फुशारकी मारली होती. उन्हापावसाने रबर फाटलं होतं. फटींतून तारा मिशांसारख्या बाहेर आल्या होत्या. डॉक्टरने बोट फिरवलं तसे दोन तुकडे तुटून कागदावर पडले. फावड्याने मुरघास काढताना ते थेट पाटीत जाणार, पाटीतून गव्हाणीत.

"सगळेच टायरं ठेवतात," नवरा पुटपुटला.

"म्हणून सगळ्यांच्याच गायी आजारी पडतायत."

नवऱ्याने वाकून ते दोन तुकडे उचलले.

थोरलीला मात्र अजून एक प्रश्न विचारायचा होता. "मग सुई आमच्या धाकटीकडे का फिरली? तिने तर गोळी नव्हती खाल्ली."

डॉक्टरने घरातून पोतं शिवायची सुई मागवली. चुंबकावर दहा-वीस वेळा घासली, दोरा बांधला, स्टुलावर टांगली. चुंबक आपल्या गुडघ्यामागे धरलं आणि म्हणाली, "धरा हात." सुई शांत. मग तिने गुडघा सरकवला. सुई गर्रकन वळली. "आता ढेपेचं पोतं ठेवा समोर." गुडघा सरकला. सुईने पोत्याला गुन्हेगार ठरवलं. एरवी थोरली हसली असती.

"जरा सरकून बसतो, गुडघा धरलाय," थोरली हळूच म्हणाली. "तिच्याच वेळी म्हणाला होता."

"हो ना. पट्टा बांधलेला असतो तो उगीच नाही."

"पण त्याला कसं कळलं, कुणाच्या वेळी सरकायचं ते?"

"ते मला नाही सांगता येणार," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाली. "सुईला घरातली माणसं माहीत नसतात. त्याला कुणीतरी सांगितलं असणार."



थोरलीने सांगितलं होतं. गोळी देऊन झाल्यावर टॉनिकवाला ओट्यावर चहाला टेकला होता. गोड बोलणारा माणूस. "घरात सगळं ठीक ना, काकू?" एवढंच त्याने विचारलं. आणि तिने, बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून, मनातलं ओतलं. मी या घरात आधी आले, गोठा मी उभा केला, आणि ही तांबडी मला लाथ मारते. त्या धाकटीचा आवाज ऐकला की पान्हा सोडते. काय जादू केलीय कुणास ठाऊक तिने. हे ती रागाने म्हणाली नव्हती. अर्धवट हसतच म्हणाली होती. टॉनिकवाल्यानेही हसून मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी ती धाकटीच्या भावाकडे गेली. धाकटी पडवीत खाद्याची फाटकी पोती शिवत बसली होती. तिने थोरलीला पाहिलं, उठून पाणी आणलं, समोर ठेवलं आणि पुन्हा शिवायला बसली.

"तांबडी गेली," थोरली म्हणाली.

टाका अर्ध्यावर थांबला. "कधी?"

"काल."

"फार कण्हत होती?"

"शेवटी नाही. डॉक्टरने इंजेक्शन दिलं."

"जवळ कोण होतं?"

"मी होते."

धाकटीने मान हलवली. मग थोरलीने सगळं सांगितलं. गोळी, टायरं, गुडघा, आणि चहा पिताना आपण काय बोललो तेही. एक शब्द गाळला नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "घरी चल. तो गाडी घेऊन वळणावर थांबलाय. आत यायला त्याला तोंड नाही."

"त्यांना तेव्हाही तोंड नव्हतं," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच थोरलीला सोसवेना. "ताई, तो माणूस लबाड होता. त्याचं कामच ते. तुम्ही कंटाळून चार शब्द बोललात, तेही मी समजू शकते. मीही तुमच्याबद्दल बोलले असेन कुणाकडे. पण तुम्ही माझ्या हातातून बादली ओढून घेतलीत. त्या वेळी तुमच्या गुडघ्याला काही बांधलेलं नव्हतं."

थोरलीने समोरचं पाणी बाजूला सरकवलं.

"तांबडीला वाटलं असेल, मी टाकून गेले," धाकटी म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिने पोतं तोंडाशी धरलं.

मग ती डोळे पुसून म्हणाली, "मी येणार नाही. निदान आत्ता नाही. पण जिथे चार लोकांसमोर माझं नाव घेतलं, तिथे चार लोकांसमोर ते मागे घ्या. माझ्यासाठी नको वाटलं, तर पुढच्या बाईसाठी घ्या. त्याची सुई कुठेतरी फिरतच असेल."

फिरत होतीच. ट्रॅक्टरवाल्याच्या अंगणात. गाय बरी झाली, तेव्हा आता करणी करणाऱ्याला हुडकून काढायचं होतं, आणि स्टुलासमोर त्याची म्हातारी आई बसली होती. तिने हात सुईपाशी धरला होता.

"मी बोलत नाही, मी करत नाही," सुईवाल्याचं चाललं होतं. "जरा सरकून बसतो हं..."

थोरली गर्दीतून वाट काढत आली आणि म्हातारीच्या मागे उभी राहिली. म्हातारीला धीर द्यावा तसा तिने खांद्यावरून हात पुढे केला. मूठ मिटलेली होती. सुई गर्रकन फिरली आणि म्हातारीला सोडून थोरलीच्या मुठीकडे रोखून राहिली.

सुईवाला क्षणभर गोंधळला. मग त्याला वाटलं, याहून चांगली संधी नाही. तो ओरडला, "बघा! बघा! पापी स्वतःच्या पायांनी चालत आला! हीच ती!"

"हो, मीच," थोरली म्हणाली आणि तिने मूठ उघडली.

तारा चिकटलेलं ते काळं चुंबक लोकांनी पाहिलं. तिने हात डावीकडे नेला, सुई डावीकडे. उजवीकडे नेला, उजवीकडे. एका पोराला खुदकन हसू आलं. मग दोघातिघांना. टॉनिकवाल्याची मोटारसायकल मागच्या मागे सुरू झाल्याचा आवाज आला.

"हे आमच्या तांबडीच्या पोटातून निघालंय," थोरली म्हणाली. "अशीच गोळी तुमच्या गायीच्या पोटात आहे. आणि यांच्या गुडघ्याच्या पट्ट्यात काय आहे, ते यांना पट्टा सोडून दाखवायला सांगा."

सुईवाला उठला. घाईत तो लंगडायला विसरला. "बाईने शक्ती बाटवली!" असं काहीबाही म्हणत तो फाटकाकडे निघाला. दोघांनी वाट अडवली, बाकीच्यांनी खाली पाहिलं. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपापल्या घरातलं एखादं माणूस या सुईपायी आधीच गमावलं होतं, आणि हिशोब मागावा तर तो आधी स्वतःकडे मागावा लागला असता.

"पण वहिनी," ट्रॅक्टरवाला चाचरत म्हणाला, "माझी गाय तर बरी झाली ना?"

"झाली. चुंबकाने झाली. ते डॉक्टरकडे मिळतं. त्याच्यासोबत आईला घराबाहेर काढावं लागत नाही."

म्हातारी अजून स्टुलासमोरच बसली होती. तिने वर पाहून विचारलं, "तुमची धाकटी आली का गं परत?"

"नाही," थोरली म्हणाली. आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझ्या जावेने काही केलं नव्हतं. तिचं नाव मी दिलं होतं. त्या टॉनिकवाल्याने ते माझ्याकडून फुकट घेतलं आणि या माणसाने तुम्हा सगळ्यांसमोर तेच मला परत विकलं."

ती तिथून सरळ ट्रॅक्टरवाल्याच्या मुरघासाच्या खड्ड्याकडे गेली आणि पहिलं टायर ओढून काढलं. थोड्या वेळाने ट्रॅक्टरवाला आला. आणखी दोघे आले. टायरांऐवजी वाळूची पोती ठेवायचं ठरलं. 

जनावर आपलं दुखणं सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने कुणी बोलायला लागला की त्याला आधी विचारावं, तुला हे कसं कळलं? उत्तर तपासता येत असेल तर तपासावं, येत नसेल तर त्याला फाटक दाखवावं. गाय खायची थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरला बोलवावं, गव्हाणीत हात घालून बघावं, चारा कशाखाली झाकला आहे ते बघावं. एवढं केल्यावरही कधी कधी गाय मरते. पण मग तिच्यासोबत घरातलं माणूस जात नाही.